पंखा हाताने ढकलला की मगच फिरायचा

आईच्या खोलीतला पंखा रेग्युलेटर 5 वर ठेवला तरी नुसता गुणगुणायचा. काठीने पातं ढकललं की हळूहळू फिरायला लागायचा. मेन स्विच बंद करून पाती हाताने फिरवली. खरखर न होता सहज फिरली, म्हणजे बेअरिंग ठीक. मग संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या छोट्या डबीवर. दांड्याची वरची वाटी खाली सरकवली तर डबी एका बाजूने फुगलेली, तळाशी तपकिरी डाग. वायरींचा आधी फोटो काढला (हे विसरू नका, रंगांवर भरवसा नको). कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून उघड्या टोकांना हात लावला नाही. जुन्यावर 2.5 मायक्रोफॅरड (ही त्याची क्षमता), 440 व्होल्ट लिहिलं होतं, अगदी तसाच नवा आणला. जास्त मायक्रोफॅरडचा लावू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं. बटण दाबताच पंखा फिरायला लागला. आई त्या दुपारी शांत झोपली.