अमेरिकेत ट्रक चालवायचाय? डीओटी मेडिकल कार्ड अडकू नये म्हणून काय करायचं

अमेरिकेत ट्रक चालवायला नुसतं लायसन्स पुरत नाही, तब्येतीचं सर्टिफिकेट पण लागतं. ड्रायव्हर मंडळी त्याला डीओटी (म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं) कार्ड किंवा मेडिकल कार्ड म्हणतात आणि ते जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं. मला पहिल्यांदा मिळालं ते तीन महिन्यांचं. आजार काही मोठा नव्हता, तयारी शून्य होती. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट क्लिनिकमध्ये गेलो, झोप नाही, पोटात फक्त कॉफी, आणि बीपी आलं १६४ वर १०२. नंतरचे तीन महिने जी धाकधूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. हे कार्ड फक्त सीडीएलवाल्यांना, म्हणजे मोठ्या गाड्यांचं कमर्शियल लायसन्स असणाऱ्यांना लागतं असं खूप जण धरून चालतात. सीडीएल लागतं २६,००१ पौंडांपासून पुढे, पण मेडिकल कार्ड मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धंद्याचा माल नेणाऱ्या १०,००१ पौंडांच्या गाडीपासूनच लागतं, म्हणजे बॉक्स ट्रकवाले (मागे बंद डबा असलेले लहान ट्रक) पण यात आले. हे वजन म्हणजे दारावरच्या प्लेटवर लिहिलेली गाडीची क्षमता किंवा मालासकट गाडीचं प्रत्यक्ष वजन, दोन्हीपैकी जे जास्त असेल ते. राज्याच्या आतच चालवणार असाल तर राज्याचे नियम थोडे वेगळे असू शकतात, ते तुमच्या राज्याच्या लायसन्स ऑफिसात विचारून घ्या.

स्टेप १: डॉक्टर नीट निवडा

आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर कितीही चांगला असला तरी चालेलच असं नाही. २१ मे २०१४ पासून ही तपासणी फक्त नॅशनल रजिस्ट्रीत नाव असलेल्या मेडिकल एक्झामिनरनेच करायची असा नियम आहे. ही रजिस्ट्री एफएमसीएसए म्हणजे ट्रक-बसच्या सुरक्षेचं फेडरल (केंद्र सरकारचं) खातं चालवतं, आणि त्यांच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की जवळचे एक्झामिनर दिसतात. यात एमडी असतात, नर्स प्रॅक्टिशनर असतात, बऱ्याच राज्यांत कायरोप्रॅक्टर (मणक्या-सांध्यांवर हाताने उपचार करणारे) पण असतात. तुमचा डॉक्टर यादीत असेल तर त्याच्याकडेच जा, त्याला तुमची तब्येत माहीत असते.

स्टेप २: कागद आधी गोळा करा

माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. माणूस फिट असतो, पण कागद नसतो म्हणून कार्ड लटकतं. सगळ्या गोळ्यांची यादी करा, नाव, डोस आणि कोणत्या डॉक्टरने दिली ते. गुंगी आणणारं किंवा मानसिक त्रासावरचं औषध चालू असेल तर एक्झामिनर तुमच्या डॉक्टरला एमसीएसए-५८९५ नावाचा फॉर्म पाठवून विचारू शकतो, त्यात दिवस जातात, म्हणून तुमच्या डॉक्टरकडून आधीच पत्र आणलेलं बरं. हार्टचं काही झालेलं असेल तर कार्डिओलॉजिस्टचं पत्र आणि स्ट्रेस टेस्टचे रिपोर्ट घ्या. चष्मा, लेन्स, कानाचं मशीन, जे वापरता ते सोबत ठेवा, हे सांगायला नको पण लोक चष्मा ट्रकमध्येच विसरून येतात.

डायबिटीस असेल आणि फक्त गोळ्या चालू असतील तर घाबरायचं कारण नाही, साखर आटोक्यात आहे एवढं दाखवता आलं पाहिजे. इन्शुलिन घेणाऱ्यांना पूर्वी वेगळी सूट मागावी लागायची, नोव्हेंबर २०१८ मध्ये तो नियम बदलला. आता तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरने एमसीएसए-५८७० फॉर्म भरून द्यायचा, आणि त्याने सही केल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी उरकायची. त्यासाठी त्या डॉक्टरला निदान तीन महिन्यांच्या शुगरच्या नोंदी दाखवाव्या लागतात, त्याही ग्लुकोमीटरमध्ये साठवलेल्या, वहीत हाताने लिहिलेल्या चालत नाहीत. म्हणजे ही तयारी तीन महिने आधीच सुरू करायला लागते, आदल्या आठवड्यात काही होत नाही. आणि कार्ड जास्तीत जास्त १२ महिन्यांचं मिळतं.

स्टेप ३: बीपी आणि झोप, दोन महिने आधीपासून

माझी गाडी इथेच अडकली होती म्हणून इथे जरा थांबतो. एक्झामिनर लोक साधारण असं बघतात: १४०/९० च्या खाली असेल तर पूर्ण दोन वर्षं. वरचं १४० ते १५९ किंवा खालचं ९० ते ९९ आलं तर एक वर्ष. वरचं १६० ते १७९ किंवा खालचं १०० ते १०९ आलं तर एकदाच तीन महिन्यांचं कार्ड, तेवढ्यात बीपी खाली आणून दाखवायचं. वरचं १८० किंवा खालचं ११० आलं किंवा त्याच्याही वर गेलं तर कार्डच नाही, आधी उपचार. हे आकडे सल्ल्याच्या स्वरूपात आहेत, शेवटचा निर्णय एक्झामिनरचा, पण बहुतेक जण यावरच चालतात.

तर घरी मशीन आणा आणि रोज ठरलेल्या वेळी मोजा. सकाळची अपॉइंटमेंट घ्या, पण रात्रीच्या ड्युटीनंतरची नको. त्या दिवशी तपासणी होईपर्यंत कॉफी, एनर्जी ड्रिंक, सिगारेट बंद, आणि बीपीची गोळी मात्र घ्यायचीच, काही जण "टेस्ट आहे म्हणून घेतली नाही" म्हणतात, ते अगदी उलटं आहे. क्लिनिकमध्ये पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली. पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने परत मोजा म्हणून स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली.

झोपेचं प्रकरण लोक सगळ्यात जास्त टाळतात. घोरणं, जाड मान, वाढलेलं वजन, दिवसा डुलकी, असं काही दिसलं की एक्झामिनर स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची टेस्ट करून या म्हणू शकतो. त्यासाठी असा ठरलेला फेडरल आकडा नाही, त्यामुळे एकाने पास केलं तेच दुसरा अडवू शकतो आणि ड्रायव्हर वैतागतात. पण ऐंशी हजार पौंडांची गाडी हाताखाली असताना अर्धा सेकंद डोळा लागला तर काय होतं हे ज्याने रस्त्यावर पाहिलंय तो या टेस्टवर चिडणार नाही. त्या आजारासाठी रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन वापरत असाल तर त्याचा रिपोर्ट काढून न्या. साधारणपणे ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दिसावा अशी अपेक्षा असते. रिपोर्ट घरी राहिला म्हणून परत पाठवलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

स्टेप ४: तपासणीच्या दिवशी

आधी एमसीएसए-५८७५ फॉर्म भरायचा, त्यात पहिला भाग तुमचा, जुने आजार, ऑपरेशन, फिट्स, चक्कर, औषधं वगैरे. इथे खरं लिहा. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर कार्ड रद्द होऊ शकतं, दंड होऊ शकतो, आणि अपघातानंतर वकील सगळ्यात आधी हाच कागद मागतात.

मग डोळे. प्रत्येक डोळ्याला वेगळं २०/४० (आपल्याकडे ६/१२ म्हणतात ते) दिसलं पाहिजे, चष्म्यासकट चालेल, दोन्ही मिळून पण २०/४०, बाजूला ७० अंशांपर्यंत दिसायला हवं, आणि सिग्नलचे लाल, हिरवा, पिवळा रंग ओळखता यायला हवेत. एक डोळा कमजोर असेल तर मार्च २०२२ पासून रस्ता मोकळा झालाय, डोळ्यांच्या डॉक्टरकडून एमसीएसए-५८७१ फॉर्म भरून आणायचा, कार्ड वर्षाचं मिळतं. कानासाठी पाच फुटांवरून जोर देऊन केलेली कुजबूज चांगल्या कानाने ऐकू आली पाहिजे, कानाचं मशीन लावून चालतं.

लघवीचा नमुना घेतात तेव्हा बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. ही ड्रग टेस्ट नाही. यात साखर, प्रोटीन, रक्त आणि घनता बघतात, किडनी किंवा डायबिटीसचा अंदाज यावा म्हणून. ड्रग टेस्ट वेगळी असते, ती कंपनी नोकरीच्या आधी करून घेते. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल नियमात ड्रायव्हरला तो चालत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही.

फिट्सचा आजार, हात किंवा पाय गमावलेला असणं, अशा गोष्टींत एक्झामिनर स्वतः पास करू शकत नाही, त्यासाठी फेडरल खात्याकडे वेगळा अर्ज असतो. तो वेळखाऊ आहे, पण दार बंद नाही.

स्टेप ५: पास झाल्यावर

इथे नियम नवा आहे. २३ जून २०२५ पासून सीडीएलवाल्यांचा रिझल्ट एक्झामिनरने दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत नॅशनल रजिस्ट्रीत टाकायचा, आणि तिथून तो आपोआप राज्याकडे जाणं अपेक्षित आहे. पण सिस्टिम नवी असली की गडबडी होतात. म्हणून क्लिनिकमधून निघताना कागदी कार्ड मागून घ्या, फोटो काढून ठेवा, आणि आठवड्याभरात आपल्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर तारीख आली का ते राज्याच्या साइटवर बघा. नाव किंवा लायसन्स नंबर चुकीचा पडला तर माहिती जुळत नाही, म्हणून क्लिनिकमध्येच स्पेलिंग वाचून घ्या.

आणि राज्याकडे तुमचा ड्रायव्हिंगचा प्रकार पण आधी सांगितलेला असला पाहिजे, बहुतेकांचा "नॉन-एक्सेप्टेड इंटरस्टेट" असतो, म्हणजे राज्याबाहेर चालवणारा आणि मेडिकल कार्डातून सूट नसलेला. हा चुकीचा असला की कार्ड हातात असूनही रेकॉर्डवर घोळ दिसतो.

तारीख उलटली तर राज्य सीडीएल डाउनग्रेड करतं, म्हणजे मोठी गाडी चालवायची परवानगी काढून घेतं, मग परत मिळवताना त्या राज्याच्या पद्धतीने सगळं निस्तरायला लागतं. मी फोनमध्ये दोन रिमाइंडर लावतो, एक तीन महिने आधी, तेव्हा बीपी आणि रिपोर्ट बघायचे, आणि दुसरा सहा आठवडे आधी, तेव्हा अपॉइंटमेंट. माझं कार्ड आता वर्षाचं असतं, त्यामुळे पहिला रिमाइंडर वाजला की त्याच दिवशी घरी मशीन काढून बीपी मोजायला सुरुवात करतो.