ऑक्सिमीटरचा आकडा नीट कसा घ्यावा

कोरोनासारख्या साथीत घरी रुग्ण असेल तर ऑक्सिमीटरच्या (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राच्या) आकड्याआधी हात बघा. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात बोटे गारठतात, रक्त नीट पोचत नाही आणि ऑक्सिजन उगाच कमी दिसतो. हात चोळून ऊबदार करा, नेलपॉलिश पुसा, पाच मिनिटे शांत बसवा. मधले बोट पूर्ण आत सरकवा, हात छातीशी स्थिर ठेवा. पहिला चमकलेला आकडा लिहू नका. निदान मिनिटभर थांबा, तो एका जागी टिकू द्या. मनगटावर नाडी मोजून यंत्राशी ताडा. जुळत नसेल तर बोट बदला. सकाळ-संध्याकाळ वेळेसह वहीत नोंदवा.

आकडा 94 किंवा जास्त असेल तर घरातच सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजा. तीन किंवा अधिक अंकांनी घसरला तर डॉक्टरांना कळवा. धाप असेल तर अजिबात चालवू नका. 94 च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टर; 90 च्या खाली, किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच 108 ला फोन करून रुग्णवाहिका.

कागद आधीच बांधून ठेवा, सीमाभागात हे फार महत्त्वाचे. 2021 मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे 72 तासांतला आरटीपीसीआर (कोरोना चाचणीचा) रिपोर्ट मागत होते. कोल्हापूरला नेण्याची वेळ आली तर परतीचाही विचार हवा. आधार, रिपोर्ट, ती वही एका पिशवीत ठेवा. चालू औषधांची यादी कन्नडमध्येही लिहून घ्या. बेळगावात रात्रपाळीच्या नर्सला मराठी वाचता येईलच असे नाही.