लिहिताना अडणाऱ्या मुलांना सॉफ्टवेअरवर लिहायला कसं शिकवावं

मूल तोंडानं अख्खी गोष्ट सांगतं आणि कागदावर दीड ओळ उतरते. डिस्लेक्सिया (अक्षरं ओळखणं-जुळवणं अवघड जाणं) किंवा लेखन-अक्षमता असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. त्यावर 'चांगलं ॲप द्या' एवढाच सल्ला मिळतो. ॲप कुठलंही चालेल, पण त्यात तीन सोयी हव्यात: मुद्द्यांचा नकाशा, शब्दसूचना (टाइप करताना ॲपनं सुचवलेले शब्द) आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज. तारे आणि टाळ्या देणारी ॲप्स बाजूला ठेवा. त्यांत मूल रिकाम्या जागा भरायला शिकतं, लिहायला नाही.

कीबोर्ड देवनागरी अक्षरांचाच घ्या. ज्याला एका लिपीत अक्षरं जुळवताना घाम फुटतो, त्याला रोमनमधून मराठी टाइप करायला लावणं हा छळ आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा: हातानं 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, टाइप करताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर. हे माहीत नसलं की मूल स्वतःलाच दोष देतं.

नकाशा सोपा आहे. मूल बोलेल तसे चार-पाच शब्द चौकटींत टाका आणि क्रम त्यालाच लावू द्या.

कच्चं लिहिताना शुद्धलेखनाच्या लाल रेषा बंद. माझ्याकडच्या एका मुलानं रेष दिसली म्हणून 'वादळ' खोडून 'वारा' लिहिलं होतं. त्याच्या गोष्टीत छप्पर उडालं होतं! या रेषा काढणाऱ्या शुद्धलेखन-तपासनीसावर (स्पेलचेकरवर) फार भिस्तही ठेवू नका. संशोधक चार्ल्स मॅकआर्थर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना तपासनीस वापरूनही निम्म्याहून जास्त चुका दुरुस्त करता आल्या नव्हत्या. शब्दसूचना चालू ठेवा, पण पर्याय तीनच, आणि तेही ऐकता येणारे. बोलून टाइप करायचं असेल तर एका वेळी एकच वाक्य.

आता ऐकून दुरुस्ती. इथे मी दोन वर्षं चुकत होते. मी अख्खा मजकूर एका दमात वाचून दाखवायला लावायचे, मुलाला सोबत शब्दांवर नजर फिरवायला सांगायचे आणि चूक आली की पडद्यावर बोट ठेवायचे. मुलं मान डोलवायची, माझ्या बोटाखालचा शब्द बदलायची आणि पुढच्या वेळी तीच चूक करायची. त्यांचे कान मोकळेच नव्हते. डोळे अक्षरांशी झगडत होते आणि लक्ष माझ्या बोटाकडे होतं.

म्हणून पहिल्यांदा पडद्याकडे न बघता ऐकू द्या. शक्य असेल तर लिहिल्यानंतर लगेच नको, दुसऱ्या दिवशी. ताज्या मजकुरात मुलाला लिहिलेलं नाही, मनातलं ऐकू येतं. एक वाक्य वाजवा, थांबा. आवाजाचा वेग किंचितच कमी करा. फार कमी केला तर वाक्याचा सूर तुटतो आणि राहून गेलेला शब्द खटकत नाही. थांबवायचं बटण मुलाच्याच हातात. तुमचे हात मांडीवर. त्यानं थांबवलं की एवढंच विचारा: "तुला काय म्हणायचं होतं?" तो तोंडी बरोबर सांगतो, जवळजवळ नेहमीच. तेच त्याला टाइप करू द्या आणि पुन्हा ऐकवा.

त्यानं थांबवलंच नाही तर? चूक सांगू नका, वाक्य पुन्हा लावा. तरीही खटकलं नाही तर आज सोडून द्या. मला हे फार जड गेलं, पण जी चूक मुलाच्या कानानं पकडली तीच पुढे टळते.

मशीनही चुकतं. 'चमचा'तला आणि 'चहा'तला च आपण वेगळा उच्चारतो, लिपीत तो एकच आहे, त्यामुळे आवाज कधी भलताच उच्चार करतो. ही चूक मशीनची आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा. नाहीतर ते बरोबर शब्द बिघडवून ठेवतं.

कानाला गाळलेले शब्द, दोनदा आलेले शब्द, अर्धवट वाक्यं सापडतात. 'दिन' आणि 'दीन' सापडत नाहीत, कारण बोलताना आपण त्यांत फारसा फरक करत नाही. ऱ्हस्व-दीर्घासाठी शेवटी वेगळी फेरी करा. तेव्हा लाल रेषा चालू करा आणि एका लेखनात दोनच शब्द निवडा. उरलेले शब्द तुम्ही दुरुस्त करू नका, तसेच राहू द्या. पहिला मसुदा न पुसता तारीख टाकून वेगळा जपून ठेवा. महिन्याभरानं तो मुलालाच ऐकवायचा आहे.