फ्रिजियन लोकांचा 'केनिंग' कसा वापरायचा

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रिसलान प्रांत आहे, तिथल्या लोकांची डचपेक्षा वेगळी अशी स्वतःची भाषा आहे, फ्रिजियन, आणि त्यात राजाला म्हणतात केनिंग. डच येत असेल तर तोंडात पटकन 'कोनिंग' येणार, ते आधी आवरा. 'के' जरा लांबवायचा, आणि शेवटचा ग वेगळा वाजवायचा नाही, इंग्लिश किंगमध्ये नाकात जिरतो तसाच.

शब्द कुठून आला? भाषातज्ज्ञ मागे मागे जाऊन 'कुनिंगाझ' असं जुनं जर्मॅनिक रूप मांडतात, त्यातला पहिला भाग म्हणजे कूळ, म्हणजे राजा हा मुळात चांगल्या कुळातला माणूस. गंमत अशी की हे कूळवालं मूळ आणि आपलं जन, जन्म, जनक यांचं मूळ एकच, 'राजा'शी मात्र काही संबंध नाही. फिनिश लोकांनी हा जुना शब्द फार पूर्वी उचलला आणि अजून 'कुनिंगास' असा जवळपास जसाच्या तसा ठेवलाय.

आता वापर. आर्टिकल 'द' लावायचं, द केनिंग, अनेक असतील तर केनिंगेन. नावाआधी आलं की आर्टिकल गाळा, केनिंग रेडबाड (फ्रिजियन लोकांचा जुना राजा), बास. राज्य म्हणजे केनिंकरीक. 27 एप्रिलला नेदरलँड्सचा राजा विलेम-अलेक्झांडरच्या वाढदिवसाची सुट्टी असते ती केनिंग्सदाय, 2013 पर्यंत बेआट्रिक्स राणी होती तेव्हा ती 30 एप्रिलला असायची आणि नावात राणी होती.

रेडबाडबद्दल बोलताना मात्र जपून, तो 719 मध्ये वारला, आणि फ्रँक लोकांच्या लिखाणात त्याला राजा न म्हणता नुसता सरदार म्हटलंय, शत्रूच ते, कशाला मान देतील! फ्रिजियन माणसासमोर केनिंगच म्हणा. तशी गंमतच आहे म्हणा, कारण मध्ययुगात हेच लोक आमच्यावर कोणी सरंजामदार नाही म्हणून मिरवायचे.

आणि फ्रानेकर गावात उन्हाळ्यात कोणी "यंदा केनिंग कोण?" असं विचारलं तर राजघराण्यावर सुरू होऊ नका. तिथे 1853 पासून काट्सनची मोठी स्पर्धा होते, हाताने बॉल मारायचा खेळ, तिघातिघांच्या टीम, आणि जिंकलेल्या टीममधला सगळ्यात भारी खेळाडू तो केनिंग. म्हणून उत्तरात खेळाडूचंच नाव सांगायचं.