नागपुरात राहून मायक्रोफ्लुइडिक्स करायचं असेल तर

"ताई, आपल्याकडे क्लीनरूम नाही, मग हे करायचं कसं? बंगलोरलाच जावं लागेल ना?" केमिकल, मेकॅनिकल आणि बायोटेकची मुलंमुली मला हे सारखं विचारतात. जावं लागेल, पण नंतर. मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव खेळवायचं तंत्र, अशा नळ्यांचा तुकडा म्हणजे चिप, आणि क्लीनरूम म्हणजे असलं बारीक काम करायची धूळमुक्त खोली. चिप बनवणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ती न गळता, बुडबुडा न धरता, रोज तोच आकडा देत चालवणं, इथेच लोकांची वर्षं जातात. आणि ते शिकायला क्लीनरूम लागत नाही.

आधी थोडं शास्त्र. साधारण केसाच्या जाडीची, म्हणजे 100 मायक्रोमीटरची नळी घ्या. तिच्यातून पाणी सेकंदाला 1 मिलिमीटर वेगाने गेलं तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळाळता हे सांगणारा आकडा) येतो 0.1 च्या आसपास. बी.ई.ला आपण 2000 (त्याखाली शांत) आणि 4000 (त्यावर खळाळता) घोकलेले असतात, त्यामुळे हा आकडा पचायला वेळ लागतो. इथे दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते घुसळले जात नाहीत, फक्त विसरणाने हळूहळू मिसळतात. खाण्याच्या रंगाला 100 मायक्रोमीटर ओलांडायला दहाएक सेकंद लागतात, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाला मिनिटभर किंवा जास्त. शिवाय रुंद, उथळ नळीची उंची निम्मी केली की तेवढ्याच प्रवाहाला आठपट दाब लागतो. हे हिशेब कागदावर करता यायला हवेत. कॉमसोल, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर, नंतर शिका. त्यातली रंगीत चित्रं बघून सगळं समजल्यासारखं वाटतं, तेच धोक्याचं.

आता हात घाण करायचे. नंबरप्लेटवर रेडियम लावून देणारा गाठा. त्याच्याकडच्या कटिंग प्लॉटरवर डबल टेपमध्ये नळ्यांची नक्षी कापता येते. ती टेप ॲक्रिलिकच्या दोन तुकड्यांत दाबली की चिप तयार. वरच्या तुकड्याची भोकं ट्रॉफ्या बनवणारे लेझरने पाडून देतात. या कापण्याला झुरोग्राफी म्हणतात आणि शोधनिबंधांत ती राजरोस चालते. अर्ध्या मिलिमीटरची नळी सहज निघते, ब्लेड नवं असेल तर आणखी बारीक. "इतकं बारीक कायले पायजे?" असं तो विचारेलच. एकदा चिप चालवून दाखवा, पुढच्या खेपेला भाऊ स्वतःच ब्लेड बदलून ठेवतो.

त्याहून स्वस्त म्हणजे कागद. 2007 मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर नळ्या आखून तपासण्या करून दाखवल्या. पुढे त्यासाठी मेणाची शाई वापरणारे प्रिंटर आले, पण ते आता बाजारातून गेले. तरी व्हॉटमन नंबर 1 गाळणकागद, मेण आणि हॉटप्लेट एवढ्यावर काम होतं: वितळून कागदात मुरलेलं मेण हीच नळीची भिंत. पहिला प्रयोग म्हणून पाण्यातल्या नायट्राइटसाठी ग्रीस नावाचा अभिकर्मक (वंगणाचं ग्रीस नव्हे) वापरा. गुलाबी रंग येतो, मोबाइलने फोटो काढायचा, फिजी या चित्रं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाची तीव्रता मोजायची. फिजी फुकट आहे. विदर्भात चंद्रपूर, यवतमाळकडे भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे आणि पाण्यावर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, तेव्हा पुढचा विषय शोधायला लांब जायला नको.

पीडीएमएस, म्हणजे ज्याच्या चिपा ओततात ते पारदर्शक सिलिकोन रबर, मात्र शिकावंच लागतं. रेझिन आणि हार्डनर 10 ला 1, निर्वात पात्रात बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून 70 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं, मग ऑक्सिजन प्लाझ्मा देऊन काचेवर चिकटवायचं. क्लीनरूम लागते ती सिलिकॉन वेफरवरच्या साच्याला, आणि एकाच साच्यावर पुष्कळ चिपा निघतात. बाहेरच्या संशोधकांना आयआयटी मुंबई आणि बंगलोरच्या आयआयएससीची सोय मिळावी म्हणून आयएनयूपी हा सरकारी कार्यक्रम आहे. कोणतं उपकरण कुठे आहे ते आय-स्टेम पोर्टलवर दिसतं. गाइडला हे माहीत असेलच असं धरून चालू नका, तुम्हीच अर्ज पुढे करा.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच धडा. पीडीएमएसमधून पाण्याची वाफ आरपार जाते, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत चिपेतल्या बारीक खळगीतलं द्रावण बघता बघता घट्ट होतं. चिप ओल्या टिश्यूसह बंद डब्यात ठेवायची. दुसरं, 25 अंशांवरून 40 वर गेलं की पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, पाव हिश्शाहून जास्त उतरते. म्हणजे दाब तोच ठेवूनही प्रवाह तिसऱ्या हिश्शाने वाढतो. वहीत खोलीचं तापमान लिहीत जा, नाहीतर जानेवारीचे आकडे मेमध्ये जुळणार नाहीत आणि दोष चिपेला जाईल.

आणि बुडबुडे. यावर मी तासभर बोलू शकते. नळीत अडकलेला बुडबुडा स्प्रिंगचं काम करतो: पंप चालू केला तरी प्रवाह मागे राहतो, बंद केला तरी वाहत राहतो. म्हणून द्रावणातली हवा आधी काढायची, चिप पहिल्यांदा इथेनॉलने भिजवायची, मग पाणी. मऊ, लांब नळ्या टाळायच्या. सिरिंज पंपावर मोठी सिरिंज लावून अगदी कमी प्रवाह मागितला की मोटरच्या पावलांचे हिसके चिपेत दिसतात, तेव्हा लहान सिरिंज लावा. आणि पंप सुरू करून लगेच मोजू नका, प्रवाह स्थिरावायला कित्येक मिनिटं जातात. हे क्रमिक पुस्तकात फारसं नसतं, लॅबमधल्या सीनियरला चहा पाजून काढून घ्यावं लागतं.

विषय निवडताना सध्याची हवा ओळखा. ऑर्गन-ऑन-चिपचा, म्हणजे चिपेत पेशी वाढवून अवयवाची नक्कल करण्याचा, बोलबाला आहे. 2010 मध्ये फुफ्फुसाची चिप आली. 2022 मध्ये 870 यकृत-चिपांवर 27 औषधं तपासल्याचा निबंध आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची कायदेशीर सक्ती काढली. मोठं काम आहे, पण चांगली पेशीसंवर्धन लॅब हाताशी नसेल तर नवख्याने त्यात उडी घेऊ नये असं माझं मत.

मला निदानाची बाजू जवळची वाटते, त्यातही सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, गोंदियापासून नागपूरपर्यंत हा आजार आपल्या घरांत आहे. 2047 पर्यंत त्याच्या उच्चाटनाचं राष्ट्रीय मिशन 2023 मध्ये सुरू झालं. आणि पीडीएमएसमधून ऑक्सिजन आरपार जातो, हा गुण इथे कामाला येतो: चिपेतला ऑक्सिजन कमी-जास्त करून सिकलसेलचं रक्त बारीक नळीत कसं तुंबतं आणि पुन्हा कसं सुटतं, हे 2007 मध्येच दाखवलं गेलंय. रक्ताला हात लावायचा तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी. तिला महिने लागू शकतात, म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

नोकरीचं स्पष्ट सांगते: नागपुरात या नावाने जागा फारशा निघत नाहीत. क्षयरोगाची ट्रूनॅट चाचणी बनवणारी मोलबायो गोव्याची. बाकी बंगलोर, पुणे, हैदराबाद. पीएच.डी.कडे वळलात तर 2023 पासून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, महिना 37,000 रुपये आहे. त्याआधी विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप बघा, तिचे अर्ज आदल्या वर्षीच भरायचे असतात.

प्राध्यापकांना ईमेल करताना "मला आपल्या संशोधनात रस आहे" हे वाक्य गाळा. तुमच्या टेपच्या चिपेचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा, किती दाबाला ती गळली तो आकडा लिहा, आणि त्यांच्या निबंधातल्या एखाद्या आकृतीबद्दल खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा.