आधी वायल वाचा, मग कॅल्क्युलेटर घ्या

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या मुली बेळगावात आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स म्हणून नव्यानं रुजू होतात, तेव्हा पहिल्या रात्री मी त्यांना एकच डोस काढायला बसवते. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा.

बाळ १४८० ग्रॅमचं. डॉक्टरांची ऑर्डर किलोला ५ मिलिग्रॅम. आधी ग्रॅमचे किलो करा, १.४८. पाचानं गुणलं की ७.४ मिलिग्रॅम. (पहिल्या दिवसांत वजन उतरतं, ते पुन्हा भरून येईपर्यंत आम्ही जन्मवजनच धरतो.) इथवर सहसा कुणी चुकत नाही. घात होतो तो मिली काढताना.

जेंटामायसिनच्या एका वायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) २ मिलीत २० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २ मिलीतच ८०. म्हणजे एकीत मिलीला १०, दुसरीत ४०. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पहाटे मी चार्टवर कालचं ०.७४ मिली बघितलं आणि तेवढंच ओढलं. रात्री स्टोअरमधून ८० ची वायल आली होती. सिरिंजमध्ये २९.६ मिलिग्रॅम आलं, चौपट. जोडीच्या सिस्टरनं वायल उचलून लेबल वाचलं, म्हणून ते बाळाला गेलं नाही. हे औषध जास्त झालं तर कानाला आणि किडनीला धोका. त्या वेळी बाळाची आई दुधाची वाटी पदराखाली धरून बाहेर बाकावर बसली होती. ती वाटी मला अजून दिसते.

८० ची वायल असेल तर आपला डोस ०.१८५ मिली, तो नेमका मोजणं अवघड. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ३ मिली नॉर्मल सलाईन घ्या, त्यात मोजून १ मिली औषध सोडा. आता मिलीला १० मिलिग्रॅम, डोस ०.७४ मिली. तो १ मिलीच्या सिरिंजमध्ये घ्या, तिची एक रेघ ०.०१ ची. इन्सुलिनची नको, ४० युनिटवालीची एक रेघ ०.०२५ मिली होते. आणि डोस भरलेल्या सिरिंजमध्येच वरून सलाईन ओढू नका, सुईच्या बुडातलं औषधही आत येतं. मोठ्या माणसाला तो थेंब किरकोळ, या बाळाला नाही.

एका डोसला दोन वायल लागतायत असं उत्तर आलं तर हात थांबवा, दशांशचिन्ह सरकलंय. लिहिताना .७ नको, ०.७ लिहा, ५.० नको, ५ लिहा.

आमच्याकडे ड्यूटी बदलताना निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडात. मी पाऊण म्हणणार, समोरची सिस्टर कन्नडात मुक्कालु म्हणणार, आणि ०.७४ चं दोघींच्या तोंडी ०.७५ होणार. म्हणून आकडा सुटा सुटा सांगा: झिरो पॉइंट सेव्हन फोर. दुसऱ्या सिस्टरला तपासायला द्याल तेव्हा आपलं उत्तर झाका. तिला फक्त वजन, ऑर्डर आणि वायल द्या.