कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात? मग या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं: "ती कोलेस्टेरॉलची गोळी सोडली हो, पाय फार दुखायला लागले." कुणाला विचारून सोडली? तर व्हॉट्सॲपला.

पाय दुखतात हे खोटं नसतं. पण 2020 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, सोडलेल्या 60 जणांना कधी महिनाभर खरी ॲटोर्वास्टॅटिन (स्टॅटिनचाच एक प्रकार), कधी हुबेहूब तशीच बिनऔषधाची गोळी, तर कधी रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्यातला 90 टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीनेही झाला. हे कळल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. आमच्याकडे मात्र चार दिवसांत निकाल लागतो आणि स्ट्रिप कपाटात जाते. स्टेंट बसवलेली माणसंसुद्धा असं करतात, तेव्हा डोक्याला हात लावायची वेळ येते.

एकच गुडघा दुखत असेल तर गोळीला दोष देऊ नका. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही मांड्यांत, पोटऱ्यांत किंवा खांद्यांत असतं आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवतं. डॉक्टरांना सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) बरोबर टीएसएच (थायरॉईडची तपासणी) बद्दलही विचारा. थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. जिममधून घाम गाळून आल्यावर लगेच सीपीके करू नका, उगाच वाढलेला येईल.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी. आमच्या एका नेहमीच्या काकांना हृदयाच्या डॉक्टरांनी ॲटोर्वा 40 (ॲटोर्वास्टॅटिन, 40 मिलिग्रॅम) दिलेली. जांघेत गजकर्ण झालं, तर भाच्याकडच्या उरलेल्या इट्राकोनाझोलच्या (बुरशीवरच्या औषधाच्या) कॅप्सूल सुरू केल्या. का, तर चिठ्ठी आणायचा कंटाळा! पुढे त्यांचा मुलगा मलम मागायला आला. "बाबांना जिना चढवत नाही." लघवीचा रंग विचारला, तर म्हणाला कोऱ्या चहासारखी. मलम दिलंच नाही, थेट हॉस्पिटलला पिटाळलं. सीपीके हजारोंत, म्हणजे स्नायू तुटून त्यांचा कचरा किडन्यांवर येत होता. सलाईनवर सलाईन लागली तेव्हा कुठे किडन्या वाचल्या. लिव्हरमधलं जे एन्झाइम ॲटोर्वाचा निचरा करतं, तेच ही कॅप्सूल अडवते, मग गोळी रक्तात साचत जाते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. म्हणून मी प्रत्येकाला चालू स्ट्रिपांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायला लावतो. खोकल्याच्या डॉक्टरकडे गेलात तरी तो दाखवायचा.

त्रास खरंच गोळीचाच निघाला तरी वाटा आहेत. डोस दुप्पट केला तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) साधारण 6 टक्केच जास्त उतरतं, त्यामुळे कमी डोसवरही बराचसा फायदा टिकतो. डॉक्टर रोसुवा (रोसुवास्टॅटिन, दुसरं स्टॅटिन) एकाआड एक दिवस देतात किंवा जोडीला एझेटिमाइब हे स्टॅटिन नसलेलं कोलेस्टेरॉलचं औषध लावतात. हे घरी बसून ठरवायचं नाही.

"रात्रीच घ्यायची ना?" सिमवा (सिमवास्टॅटिन) असेल तर हो. ॲटोर्वा, रोसुवा कधीही घ्या, पण रोज ठरल्या वेळी.

स्टॅटिनने रक्तातली साखर किंचित वाढते. त्यासाठी जेवण बघा, गोळी सोडू नका.

एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) थोडं वर गेलं की लगेच लिव्हर खराब होत नाही. सहसा नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेल्यावर डॉक्टर गंभीरपणे घेतात.

गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा.

आणि कोलेस्टेरॉलसाठी घेतात ते 'नैसर्गिक' रेड यीस्ट राइस (आंबवलेला लाल तांदूळ)? त्यातला मोनॅकोलिन के म्हणजेच लोवास्टॅटिन, तेही एक स्टॅटिनच. स्टॅटिन नको म्हणून स्टॅटिनच घेताय, तेही डोस न कळता.